गाडीचं रुखवत

रांजणगावच्या एमआयडीसीत जीप तयार होते, हे बाहेरच्या पाहुण्याला सांगितलं तर तो आधी हसतो. त्याच्या लेखी रांजणगाव म्हणजे अष्टविनायकातला महागणपती आणि पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूककोंडी. पण जीप कंपास २०१७ पासून इथल्या कारखान्यातून बाहेर पडते, इथूनच परदेशीही गेली, आणि २०२१ पासून रँग्लरची जुळणीही इथेच होऊ लागली. डोंगरदऱ्या तुडवणारी गाडी जन्माला येते ती आमच्या सपाट माळावर. तिला पहिला डोंगर बघायचा तरी बरंच लांब जावं लागतं.

त्या कारखान्याचं वारं आमच्या पुतण्याला लागलं आणि त्याने फोर बाय फोर घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही; आमचे सोयरे सगळ्याच कंपन्यांत कामाला आहेत.

गाडी आधी महागणपतीला. चाकाखाली लिंबं, नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. या देवळापुढे नवी गाडी उभी राहिली की मला त्रिपुरासुराच्या वेळचा शंकराचा रथ आठवतो. पृथ्वीचा रथ, सूर्य-चंद्राची चाकं, वेदांचे घोडे, सारथी साक्षात ब्रह्मदेव. इतक्या जय्यत तयारीची गाडी पुन्हा कुणी बांधली नाही. तरी काम अडलं, आणि शंकराने गणपतीला पुजलं तेव्हाच फत्ते झालं. ती पूजा झाली इथे, असं सांगतात. हे मी पुतण्याला ऐकवलं. म्हणाला, "नाना, त्या रथाला लो रेंज नसणार."

मग कुरिअर सुरू झाले. लग्नात रुखवत मांडावं तसं ओसरीवर एकेक मांडलं गेलं. कॉम्प्रेसर, पट्टे, पत्र्याचे डबे, फोल्डिंगचं फावडं, चाकाखाली टाकायच्या दातेरी पिवळ्या फळ्या. (आमच्याकडे त्या जागी उसाचं पाचट टाकतात.) स्नॉर्कल तर पुतण्याचा विशेष लाडका. पाण्यात शिरल्यावर इंजिनाने पाणी ओढू नये म्हणून हवा टपाच्या उंचीवरून घ्यायची, अशी ती सोंड. थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा सातशे. शिरूरच्या पूर्व भागात वर्षभराचा पाऊस मोजायलाही तेवढी पट्टी पुरते, आणि उन्हाळ्यात पाणी येतं ते टँकरने. पण सोंड बसली.

पुढचा लोखंडी बुलबार मात्र टिकला नाही. अशा गार्डांवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं, आणि कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. बुलबार गोठ्यात गेला. त्याला वासरू बांधतो. मजबूत आहे.

टपावरच्या तंबूचं जरा वेगळं झालं. एप्रिलातल्या एका सकाळी पुतण्या अंगणात आला तर त्याची आजी शिडीवर. बंद तंबूच्या झाकणावर धुतलेलं धोतर पसरून ती ओल्या कुरडया घालत होती. सोऱ्या एका हातात, दुसऱ्याने तोल धरलेला.

"आजी, तो तंबू आहे."

"मग मी काय त्याला चूल म्हनले का? इथं कोंबड्या पोचत न्हाईत."

कुरडया वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही, असं ठरलं. त्या तंबूचा इतका चोख उपयोग कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

स्पिती आणि लडाख पुढच्या जूनसाठी कायमचं राखीव आहे. तोवर सराव हवा. निघोजच्या रांजणखळग्यांपर्यंत थेट डांबरी रस्ता निघाल्याने पुतण्या खट्टू झाला. म्हणून एकदा वळवाच्या पावसानंतर आम्ही दौंडच्या बाजूला, भीमेकाठच्या उसात, एका पाणंदीत शिरलो. त्याने टायरची हवा कमी केली, लो रेंज टाकली, डिफ लॉक लावलं. एक चाक अधांतरी फिरायला लागलं की सगळी ताकद तिकडेच वाया जाते. लॉक लावलं की जोडीची दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात. फिरली. काळ्या मातीने टायरची नक्षी बुजवली आणि चारही चाकं बरोबरीने जागच्या जागी फिरली.

पूर्वीच्या वडाप जीपला असलं काही नव्हतं. एक पहार, एक स्टेपनी आणि आत-बाहेर मिळून पंधरा माणसं. रुतली की पंधराही उतरायचे आणि ढकलायचे. भाडं तेवढंच.

अर्ध्या तासाने ट्रॅक्टर आला. पुतण्याने मोठ्या अदबीने खास ताणणारा दोर काढला. ट्रॅक्टरवाल्याने तो चाचपला.

"केवढ्याला टोचन?"

पुतण्याने आकडा सांगितला.

"एवढ्यात शेळी येती की," म्हणत त्याने दोर परत दिला, स्वतःची साखळी लावली आणि गाडी ओढून काढली. मग चिखल झटकत विचारलं, "कुनाकडं निघाला व्हता?"

"कुणाकडं नाही, दादा. असाच रस्ता बघत होतो. खराब."

"आमी ही पाणंद व्हावी म्हनून मातोश्रीच्या योजनेत अर्ज करतोय, आन तुमी खराब रस्ता हुडकत आलाय?"

त्यावर पुतण्या काही बोलला नाही. मीही उसाकडे बघत राहिलो. माणूस मात्र दिलदार. पैसे घेईना. त्याची नजर टपावरच्या एलईडी पट्टीवर होती. रात्रीची ऊसतोड, अंधारात ट्रॉल्या बाहेर काढायच्या, ट्रॅक्टरचा दिवा पुरत नाही. पुतण्याने तिथेच पाना काढला आणि पट्टी उतरवून त्याच्या हातात दिली.

स्वतःसाठी त्याने दुसरी मागवली आहे. जरा लांब आहे, म्हणतो.