आधी पाय, मग डोके

निवृत्त अव्वल कारकुनाबरोबर सहलीस निघणे म्हणजे आपण होऊन एखाद्या फायलीत शिरणे होय. आमचे काका पस्तीस वर्षे महसूल खात्यात होते, आणि विशाखापट्टणच्या प्रवासाचा जो तक्ता त्यांनी महिनाभर खपून सिद्ध केला, त्यात प्रेक्षणीय स्थळांची फर्द, परस्परांतील अंतरे, प्रत्येक स्थळी व्यतीत करावयाची मिनिटे, आणि ‘किरकोळ’ या सदराखाली काकूंची व माझ्या दोन्ही मुलांची तहानभूक, एवढ्या साऱ्या बाबींची यथास्थित तजवीज होती. राहून गेली ती एकच बाब: तेथील पाणबुडीचे संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि आम्ही नेमके सोमवारी पोहोचलो.

समुद्रापासून दोन गल्ल्या मागे आम्हांस मिळालेली खोली अशी होती की तिच्या मध्यभागी उभे राहिल्यास हात न पसरताही भिंतींशी सलगी होई. पलंग सरकवल्यावाचून न्हाणीघराचे दार पुरते उघडत नसे, आणि पलंग सरकवला की बाहेरचे दार मिटून जाई. काकांनी तत्काळ मुद्देवार अर्ज लिहिला, त्याच्या शेवटी ‘सबब विनंती की’ घातले, आणि तो व्यवस्थापकाच्या स्वाधीन केला. मराठी अक्षरे पाहून हे काहीतरी स्तोत्र असावे अशी त्या तेलुगू गृहस्थाची समजूत झाली असावी. कारण त्याने तो दोन्ही हातांनी स्वीकारला आणि बालाजीच्या तसबिरीमागे खोचून ठेवला.

सायंकाळी आम्ही रामकृष्ण बीचवर गेलो. तक्त्यात ‘सूर्यास्त: 25 मिनिटे’ अशी नोंद होती. काका जन्माचे रत्नागिरीचे; समुद्र म्हटला की सूर्याने त्यात बुडालेच पाहिजे, असा त्यांचा तीन पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क. ते पाण्याकडे तोंड करून निश्चल बसले, आणि इकडे पूर्वकिनाऱ्याचा सूर्य त्यांच्या पाठीमागे, शहराच्या घरांआड, कोणासही वर्दी न देता मावळून गेला. “आजोबा, सूर्य मागच्या दाराने गेला,” असे चिरंजीवांनी कळवले, तेव्हा काकांनी मुकाट्याने ती नोंद खोडली.

मंगळवारी दुपारी मात्र पाणबुडीने दर्शन दिले. ‘कुरसुरा’ ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी 1969च्या डिसेंबरात नौदलात रुजू झाली, 1971चे युद्ध तिने पाहिले, आणि 2001 साली सेवानिवृत्त झाल्यावर तिला ओढून किनाऱ्यावर आणून 2002 पासून लोकांस खुली करण्यात आली. वाळूत विसावलेला तो 91 मीटर लांबीचा काळा देह पाहून काकांच्या मुद्रेवर एका पेन्शनराने दुसऱ्या पेन्शनरास पाहावे तसा आदरभाव उमटला.

आत शिरताच तो आदर अडचणीत आला. पाणबुडीचे एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्याचे मार्ग म्हणजे भिंतीतली वाटोळी, लोखंडी भोके. मुले त्यातून उंदरांसारखी पसार झाली. काकांनी प्रथम डोके घातले, मग पोट घालू पाहिले, आणि तेथे कामकाज तहकूब झाले. मागे पर्यटकांची रांग वाढत गेली. तेव्हा माहिती सांगणारे नौदलातले निवृत्त गृहस्थ अत्यंत शांतपणे म्हणाले, “पहले पाँव, फिर सर; साहब सबसे आख़िर में.” ज्यांच्यासाठी पस्तीस वर्षे ‘साहेब’ हा शब्द सर्वांच्या आधी उच्चारला गेला, त्यांनी तो क्रम निमूटपणे उलटा करून घेतला, आणि ते पार झाले.

पुढे टॉर्पेडोंच्या नळ्या, पेरिस्कोप, पाण्यावर असताना विजेऱ्या भरणारी डिझेलची एंजिने आणि बुडी मारल्यावर त्याच विजेवर चालणाऱ्या मोटारी, असे सारे पाहत आम्ही स्वयंपाकघराशी आलो. तेथे काकू थबकल्या. गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी संसार केलेला, परंतु त्या कोनाड्यात पाऊणशे माणसांचे जेवण होई, हे ऐकून त्यांनी पदर सावरला आणि अनुभवी माणसाने विचारावा तोच प्रश्न विचारला: “पाणी किती वाजता येतं?” गोडे पाणी मोजूनच मिळते आणि रोज स्नान घडत नाही, असे उत्तर मिळाले. “म्हणजे बाहेर समुद्र, आणि आत टंचाई,” काकू म्हणाल्या, “आमच्यासारखंच हो!” त्या क्षणापासून पाणबुडी ही युद्धनौका राहिली नाही, पाण्याखाली बुडालेली एक चाळच झाली. एकावर एक टांगलेल्या शय्या पाहून काकांनीही विचारले, की इतक्या दाटीत तंटेबखेडे होत नसत काय? गृहस्थ हसले. “झगड़ा करके जाते कहाँ?”

रस्त्यापलीकडे ‘टीयू 142’ हे पाणबुड्या हुडकणारे प्रचंड विमान 2017 पासून उभे आहे. एकोणतीस वर्षांत 30,000 तास विनाअपघात उड्डाण, हे वाचून काका म्हणाले, “सेवापुस्तकात एक ठपका नाही!” जवळच्या विशाखा संग्रहालयात जपान्यांनी 1942च्या एप्रिलात टाकलेला, पण न फुटलेला बॉम्ब आहे. “काम अपुरं राहिलं की कागद असाच कायमचा दप्तरी पडतो,” हा त्यावरचा त्यांचा अभिप्राय. बाकीची स्थळे तक्त्यातच राहिली, आणि त्याबद्दल काकांनी कोणासही जबाबदार धरले नाही.

परत येताच त्यांनी बालाजीमागचा अर्ज मागवून घेतला, आणि समासात लिहिले: ‘प्रत्यक्ष पाहणीअंती अर्जदाराचे समाधान झाले. सबब प्रकरण निकाली.’ मग खाली सही ठोकून तो पुन्हा देवामागे ठेवण्यास दिला.

रात्री मला जाग आली, तेव्हा काका न्हाणीघराकडे निघाले होते. पलंग त्यांनी सरकवला नाही. जेमतेम उघडलेल्या दाराच्या फटीतून आधी पाय, मग डोके, आणि सर्वांच्या शेवटी साहेब, असे ते बिनतक्रार आत गेले.