मोजा, पण चौकशा नकोत

संगणक म्हणे सेकंदाला अब्जावधी बेरजा करतो. पण त्याच्याच फोल्डरात फायली किती, असं विचारलं की गडी एकेक मोजायला बसतो. लिनक्सवर सर्रास असणाऱ्या ‘ईएक्सटी४’ या फाईल-व्यवस्थेत फोल्डरचा मालक कोण, परवानग्या काय, शेवटचा बदल कधी झाला, सगळ्याची नोंद असते. आत फायली किती, तेवढीच नसते!

आमच्या हापिसात स्कॅन केलेल्या बिलांचं एक फोल्डर आहे. फायली लाखांच्या घरात. साहेबांनी आकडा मागितला की आमचे एक उत्साही सहकारी फायलींची यादी देणारी ‘एलएस डॅश एल’ ही आज्ञा मारतात आणि निघेल ते ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’कडे ढकलतात. मग संगणक प्रत्येक फाईलचा आकार, मालक, तारीख शोधतो, सगळ्यांना नावाप्रमाणे रांगेत लावतो, आणि ओळी मोजून झाल्या की ही सगळी माहिती केरात. वर ‘टोटल’ची ओळही मोजली जाते, म्हणजे एक फाईल फुकट.

अहो, पंगतीला पानं किती लागतील हे बघायला कुणी पाहुण्यांची गोत्रं विचारतं का? डोकी मोजायची, बस्स. ‘एलएस डॅश एफ’ (‘एफ’ धाकटा) ‘डब्ल्यूसी’कडे नुसती नावं ढकलतं: रांग नाही, चौकशी नाही. फक्त लपलेल्या फायलींबरोबर एक टिंब आणि दोन टिंबं या नोंदीही मोजल्या जातात. एक टिंब म्हणजे खुद्द यजमान (हेच फोल्डर), दोन टिंबं म्हणजे त्यांचे तीर्थरूप (वरचं फोल्डर). ते दोघे वजा करायचे. आणि एखाद्या महाभागाने फाईलच्या नावातच ओळ तोडली असेल (लिनक्स तेही चालवून घेतं), तर एकाच फाईलची दोन डोकी!

पायथनवाल्यांचंही तेच. ‘लिस्टडिर’ आधी सगळ्या नावांची यादी मेमरीत भरतं, मग तुम्ही तिची लांबी विचारता. 2015 मध्ये पायथन 3.5 बरोबर आलेलं ‘स्कॅनडिर’ एकेक नोंद हातात देतं, आणि ती फाईल की फोल्डर हेही बहुतेक वेळा वेगळी विचारपूस न करता सांगतं.

तेव्हा मोजायला बसण्याआधी साहेबांना एकच विचारा: आकडा कशाला हवाय? ‘फोल्डर रिकामं नाही ना?’ एवढीच शंका असेल, तर पहिली फाईल दिसताच थांबा आणि चहाला चला. याहून वेगवान मोजणी अजून निघालेली नाही.