उंदोकाईतून मूल्यशिक्षण : निशी-कासाईच्या मराठी पालकांसाठी

मूल्यशिक्षण आपल्याला नवे नाही. परिपाठाला फळ्यावर ‘वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले की ते पूर्ण होत असे. जपाननेही २०१८ पासून प्राथमिक शाळांत नीतिशिक्षण हा रीतसर विषय केला आहे. पण मूल आपल्या टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या सरकारी शाळेत घातले असेल, तर खरा तास मैदानावर भरतो. त्याचे नाव उंदोकाई, म्हणजे शाळेचा क्रीडामेळावा. १८७४ मध्ये त्सुकिजीच्या नौदल विद्यालयात पहिली भरली, तेव्हापासून हे चालू आहे. आपल्या तक्रारीने बंद पडणार नाही.

प्रथम टोपी. एका बाजूने लाल, उलटवली की पांढरी. बाराव्या शतकात ताइरा आणि मिनामोतो घराणी या रंगांच्या झेंड्यांखाली लढली. तुमचे चिरंजीव कोणाकडून लढणार हे शाळा ठरवते. ‘आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं एका गटात घ्या’ असा अर्ज सेन्सेईंना देऊ नये. तो नम्रपणे वाकून स्वीकारला जाईल, एवढेच.

धावण्याची शर्यत लवकर उरकून घ्या. बऱ्याच शाळांत सारख्या वेगाची मुले एकत्र पळवतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाला हरवण्याची संधी मिळेलच असे नाही. आपल्यातलेच योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या परिषदेवर निवडून आल्यापासून आपले मूल पुढे जाणार याची इथल्या पालकांना खात्री आहे. ते मैदानावरच, आत्ताच, मोबाइलच्या चौकटीत पुढे दिसावे, एवढाच हट्ट. मोबाइल धरून दोरीच्या आत घुसू नये. सहावीतली पोर येऊन फारच गोड शब्दांत मागे सारते आणि चारचौघांत आपलेच मूल्यशिक्षण होते.

खरा धोका तामाइरेचा. उंच खांबाला टोपली, खाली पोरांची झुंबड, आणि लाल-पांढऱ्या चेंडूंचा पाऊस. शिट्टी वाजली की सगळी खाली बसतात. मग दोन्ही टोपल्यांतून एकेक चेंडू एकाच वेळी वर उडवत मोजणी होते आणि सगळी शाळा एका सुरात म्हणते, ‘इची, नी, सान...’ एक टोपली रिकामी होते, दुसरीची मोजणी चालूच. आता नीट पाहा: हरलेला गटसुद्धा समोरच्यांचे उरलेले चेंडू त्याच आवाजात मोजत असतो. शेवटी टाळ्याही वाजवतो. अशा वेळी ‘फेरमोजणी करा’ असे मराठीत ओरडू नये. निशी-कासाईत मराठी कळणारे बरेच आहेत.

कार्यक्रम संपल्यावर तंबू आणि खुर्च्या उचलायला पालकांचे हात लागतात. याच क्षणी ऑफिसचा फोन येणारे बाबा सर्वांच्या लक्षात राहतात. कचरा आपापल्या घरी न्यायचा. कोपऱ्यात डबा शोधत फिरू नये, तो नसतो.

उरला पुण्याहून येणारा व्हिडिओ कॉल. आजीचा प्रश्न एकच : ‘कितवा आला गं?’ ‘आमचे पांढरे हरले’ हे उत्तर आजीला चालत नाही. ‘पहिला आला, आई’ असे सांगून टाकावे. तेवढ्यात मागून पोरगा ओरडेल, ‘नाही आजी, चौथा! पण तामाइरेत आम्ही शेवटपर्यंत मोजलं!’

त्यासाठी म्यूटचे बटण आधीच शोधून ठेवावे.