काकांना घड्याळ नाही

रॉलीच्या काकांकडे चहाला जायचं तर घरून जेवून निघावं. चहा वेळेवर येतो, पण काका वेळेवर सोडत नाहीत. "पाचच मिनिटं बस," असं म्हणून ते १९८३ साली जातात. तिथून त्यांना परत आणायला काकूंना स्वयंपाकघरातून मिक्सर सुरू करावा लागतो.

काका मूळचे सांगलीचे. १९८२च्या ऑगस्टात एमएस करायला नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात आले आणि इथलेच झाले. तोवर त्यांचा बास्केटबॉलशी संबंध शाळेच्या मैदानावरच्या गंजक्या रिंगेपुरता होता, आणि त्या रिंगेवर टॉवेल वाळत असायचे. पण ह्या भागात बास्केटबॉलपासून लांब राहायची सोय नाही. तासाभराच्या आत तीन विद्यापीठं आहेत: रॉलीचं स्टेट, चॅपेल हिलचं यूएनसी, डरहॅमचं ड्यूक. नव्या माणसाला इथे गाव-आडनाव नंतर विचारतात, आधी "तुम्ही कुणाचे?" यूएनसी आणि ड्यूक म्हणजे गावातले दोन चिरेबंदी वाडे. स्टेट म्हणजे शेतकी आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं घर: अंगण मोठं, पण लग्नाच्या यादीत नाव शेवटी. काका स्टेटचे.

त्यांची कथा सुरू होते १९७४ पासून. त्या साली काका सांगलीत नववी-दहावीत होते, हा तपशील ते किरकोळ मानतात. आपल्याकडे साठ सालानंतर जन्मलेल्या माणसांनीही बालगंधर्वांची नाटकं 'पाहिलेली' असतात, तसा काकांनी स्टेटचा डेव्हिड थॉम्प्सन पाहिला आहे. संघात सात फुटांवरचा टॉम बर्लसन आणि पाच फूट सात इंचांचा माँटी टो. ("म्हणजे माझ्याएवढा," असं सांगताना काका दोन इंच वाढतात.) टोने चेंडू रिंगेजवळ हवेत भिरकावायचा, थॉम्प्सनने तो अंतराळात झेलायचा आणि अलगद जाळीत सोडायचा. अलगद, कारण १९६७ ते १९७६ कॉलेजच्या खेळात डंक मारायलाच, म्हणजे चेंडू वरून रिंगेत कोंबायलाच, बंदी होती. "पंख होते रे त्याला, आणि नियम म्हणतो चालत ये!" सलग सात वर्षं विजेत्या ठरलेल्या यूसीएलएला त्या स्टेटने जादा वेळेच्या दोन डावांनंतर ८०-७७ असं घरी पाठवलं. इथे काका पाणी पितात. आपण उठायची हीच वेळ, पण ती मला आजवर साधलेली नाही.

कारण लगेच घड्याळाचा विषय निघतो. पूर्वी चेंडू हातात आला की तो कितीही वेळ ठेवता येई. १९५० साली फोर्ट वेनने मिनिआपोलिस लेकर्सना हरवलं ते १९-१८ असं, आणि प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे कशाचे दिले हे त्यांनाच ठाऊक. मग सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन, ज्याची बोलिंगची जागा होती, त्याने हिशेब मांडला. सामन्याची २८८० सेकंदं, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० फेके, भागाकार चोवीस. १९५४ पासून एनबीएत चोवीस सेकंदांचं घड्याळ लागलं. कॉलेजवाले निवांत. तिकडे सगळ्यांना घड्याळ मिळालं १९८५ साली, तेही ४५ सेकंदांचं. आता ते ३० वर आलंय. मधल्या काळात यूएनसीचे डीन स्मिथ चार कोपऱ्यांत चार माणसं उभी करून चेंडू असा जपायचे, की १९७९ साली ड्यूकविरुद्ध मध्यंतराला गुणफलक ७-० होता. शून्य स्मिथ यांचं. काका ही गोष्ट सांगतातही त्याच पद्धतीने: ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, गुण न करता. बियासोनने भागाकार केला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असाच एखादा काका असणार, अशी मला शंका आहे.

प्रो खेळाबद्दल काकांचं मत थोडक्यात असं: चेंबरलेनने १९६२ साली एका सामन्यात १०० गुण केले, त्यानंतर उतरती कळा. "हल्ली सगळे लांबूनच फेकतात. पत्रिका पाठवल्यासारखे. स्वतः जाऊन बोलावणं नाही." पुरावा म्हणून ते २०१८ चा ह्यूस्टनचा सामना काढतात. अंतिम फेरीला एक विजय हवा होता, आणि ह्यूस्टनने तीन गुणांचे सलग सत्तावीस फेके चुकवले. "सत्तावीस! एखाद्याने अठराव्या चुकीनंतर विचारलं नसेल, की जरा पुढे जाऊन बघू या?"

एनबीएतली एकच गोष्ट त्यांनी मनापासून स्वीकारली आहे. २०१२ साली सॅन अँटोनियोने टिम डंकनला एका सामन्यात विश्रांती दिली, आणि न खेळण्याचं कारण अधिकृत तक्त्यात छापून आलं: 'डीएनपी - ओल्ड'. खेळला नाही, म्हातारा. त्या दिवसापासून काकूंनी तांदळाची पोती गाडीतून काढायला सांगितली, की काका सोफ्यावरून हात वर करतात. "डीएनपी, ओल्ड."

काकूंना खेळातलं काही कळत नाही, असं काकांना चाळीस वर्षं वाटतंय. २०१८च्या मार्चमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या ६८ संघांचा तक्ता भरायला बसले तेव्हा काकूंनी पहिल्या मानांकित व्हर्जिनियाविरुद्ध सोळाव्या मानांकित यूएमबीसीला विजयी केलं. काकांनी शांतपणे समजावलं, की पहिल्या आणि सोळाव्याचे १३५ सामने आजवर झाले आणि १३५ही पहिल्याने जिंकले. काकू म्हणाल्या, "भाचीचा मुलगा तिथे शिकतो. घरच्या पोराला हरवून कसं चालेल?" यूएमबीसी वीस गुणांनी जिंकली. तो तक्ता फ्रिजवर अजून आहे. काका पाणी घ्यायला गेले की दुसरीकडे बघतात.

पण काकांचा खरा राग ट्रान्सफर पोर्टलवर. आता खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो, आणि २०२१ पासून नावावर पैसेही कमावू शकतो. "थॉम्प्सन तीन वर्षं एका जर्सीत खेळला! आणि ही पोरं? यांच्यापेक्षा आपले आमदार बरे. पळतात, पण निदान एका हॉटेलात एकत्र तरी राहतात." काकांनी एकदा जाहीर केलं, की भाडोत्री संघाने कप आणला तरी मी टाळी वाजवणार नाही.

२०२४चा मार्च आला. स्टेटने शेवटचे चार साखळी सामने हरून १७-१४ अशी मजल मारली होती. मग एसीसी ह्या आपल्या गटाच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले. व्हर्जिनियाविरुद्ध मायकल ओ'कॉनेलचा शेवटच्या क्षणीचा फेका फळ्याला आपटून आत पडला तेव्हा मी म्हणालो, "काका, हा स्टॅनफर्डहून आलेला ना?" काकांना ऐकू आलं नाही. डीजे बर्न्स तर टेनेसी, मग विन्थ्रॉप, मग स्टेट असा तीन घरचं पाणी प्यायलेला. सहा फूट नऊ इंच, वजन सव्वाशे किलो, डावखुरा. रिंगेकडे पाठ करून खांद्याने रेटत जाणारा, आणि वळताना एखाद्या कथ्थकवालीसारखा हलका. काका मोहरले. "हा १९८३चाच मुलगा रे, चुकून उशिरा जन्मला."

"पण पोर्टल?"

"सून लग्न करून आली, की ती आपल्याच घरची."

"हे मला कधी नाही म्हणालात," आतून आवाज आला.

आता १९८३ सांगायला हवं. तो स्टेटचा ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्धचा अंतिम सामना. शेवटच्या सेकंदांना ५२-५२ बरोबरी. स्टेटच्या व्हिटनबर्गने लांबून फेकलेला चेंडू रिंगेपर्यंत पोचलाच नाही (तो पास होता, असं तो सांगत आलाय), आणि लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून आत कोंबला. प्रशिक्षक जिम वाल्व्हानो कुणाला मिठी मारू हे शोधत मैदानभर सैरावैरा धावत सुटले. ते सगळ्यांनी पाहिलंय. काका सांगतात ते वेगळंच. चार देशी पोरं, एक भाड्याची खोली, एक कृष्णधवल टीव्ही. ओरडा ऐकून काका हिल्सबरो स्ट्रीटवर आले, आणि तोंडाला लाल रंग फासलेल्या एका अगडबंब गोऱ्याने त्यांना उचलून मिठी मारली. "आठ महिने झाले होते येऊन. तोवर मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता." एवढंच वाक्य काका भराभर म्हणून मोकळे होतात.

३१ मार्च २०२४. डॅलसमध्ये स्टेट ७६, ड्यूक ६४. बर्न्सचे २९ गुण. एक्केचाळीस वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत. काका सोफ्यावरून उठले ते थेट दाराकडे.

"अहो, डीएनपी!" काकू ओरडल्या.

गाडी मी चालवली. हिल्सबरो स्ट्रीट पोरांनी फुलली होती, बेलटॉवर लाल दिव्यांत उभा. काका गर्दीच्या कडेकडेने कुणाला तरी शोधत चालले होते. फुटपाथवर जॅकेटच्या खिशात हात घालून एक देशी पोरगा एकटाच उभा दिसला. जॅकेटची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. काकांनी त्याला गच्च मिठी मारली. उचलायचा प्रयत्नही केला, पण गुडघ्याने नकार दिला.

पोरगा भांबावला. "अंकल, नक्की काय झालंय?"

काकांनी दीर्घ श्वास घेतला. "१९७४ पासून सांगतो."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.