मतपत्रिका उलटून पाहा

नोव्हेंबर २०१७. व्हर्जिनियाच्या विधानसभेचा ९४वा मतदारसंघ. एका मतदाराने रिपब्लिकन डेव्हिड यान्सी आणि डेमोक्रॅट शेली सायमंड्स या दोघांच्याही नावापुढचे गोल काळे केले आणि मग सायमंड्स यांच्या गोलावर एक रेघ मारली. फेरमोजणीत सायमंड्स एका मताने पुढे होत्या. तीन न्यायाधीशांनी ती रेघ तपासली, मत यान्सींच्या पदरात टाकलं आणि आकडा झाला ११,६०८ विरुद्ध ११,६०८. जानेवारीत रिचमंडमध्ये दोन नावांच्या चिठ्ठ्या फिल्मच्या डब्यांत घातल्या, डबे चिनीमातीच्या भांड्यात टाकले. चिठ्ठी निघाली यान्सींची. ५०-५० होऊ शकणारं सभागृह ५१-४९ ने रिपब्लिकनांकडे राहिलं.

त्या मतदारसंघात घरी बसलेला एखादा पुरोगामी मतदार उठून गेला असता तरी पुरे होतं.

त्याच निवडणुकीत डेमोक्रॅटांनी तब्बल १५ जागा खेचून घेतल्या होत्या. त्या धक्क्यानेच २०१८ मध्ये व्हर्जिनियाने मेडिकेडची व्याप्ती वाढवली आणि सुमारे चार लाख गरिबांना आरोग्यविम्याचं दार उघडलं. व्हाइट हाउसमध्ये तेव्हा ट्रम्प होते. वॉशिंग्टनच्या भरवशावर राहिले असते तर या लोकांना काहीही मिळालं नसतं.

अमेरिकेतल्या पुरोगाम्यांना, आणि त्यात तिथे नागरिक झालेली आपली मराठी मंडळीही आली, माझं सांगणं सरळ आहे. राष्ट्राध्यक्षाच्या लढतीवर जो पैसा आणि वेळ ओतता, त्यातला मोठा वाटा मतपत्रिकेच्या तळाकडे वळवा. त्या देशात पाच लाखांहून अधिक पदं निवडणुकीने भरली जातात. राज्याची विधिमंडळं, सरकारी वकील, शेरीफ, शाळा मंडळं, कित्येक राज्यांत न्यायाधीशसुद्धा. मुलांच्या वाचनालयात कोणतं पुस्तक राहील, किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या पोराला तुरुंग की समज, हे तिथेच ठरतं. आणि चार वर्षांतून एकदा रात्रभर टीव्हीपुढे जागणारी माणसं मतपत्रिकेच्या मागच्या बाजूवरची नावं कोरी सोडून येतात.

ही मागची बाजू उजव्यांनी कधीच वाचून ठेवली आहे. २०१० मध्ये रिपब्लिकनांनी ‘रेडमॅप’ नावाची मोहीम आखली. जेमतेम तीन कोटी डॉलर राज्यांच्या विधिमंडळांवर लावले, कारण पुढच्याच वर्षी मतदारसंघांच्या सीमा तीच विधिमंडळं आखणार होती. दोन वर्षांनी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी देशभरात डेमोक्रॅटांना दहा लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली. सभागृह मात्र रिपब्लिकनांचं, २३४ विरुद्ध २०१. ओबामा पुन्हा निवडून आल्याचा जल्लोष चालू असताना त्यांचे हात बांधले गेले होते, ते असे.

मग २०२० आलं. केंटकीत रिपब्लिकन सिनेटर मिच मॅककॉनेल यांना पाडायचं म्हणून डेमोक्रॅट एमी मॅकग्रा यांच्यासाठी देशभरातल्या लोकांनी नऊ कोटी डॉलरच्या आसपास पैसे दिले. त्या जवळपास वीस टक्क्यांनी हरल्या. मॅककॉनेलचा राग मला कळतो, पण रागावर पैसे लावून निवडणूक होत नाही. त्याच वर्षी डेमोक्रॅटांना एकाही राज्यातलं एकही सभागृह रिपब्लिकनांकडून हिसकावता आलं नाही, उलट न्यू हॅम्पशायरमधली दोन्ही गेली. आणि पुढचं वर्ष पुन्हा सीमा आखण्याचंच होतं.

राष्ट्राध्यक्षपद महत्त्वाचं नाही असं कोण म्हणतं? सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश तिथूनच नेमले जातात. पण त्याच कोर्टाने २०२२ मध्ये गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे फेकला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या बायकांसमोर गर्भपातबंदीचा १८४९ चा कायदा येऊन उभा राहिला. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या मतदारांनी जॅनेट प्रोटासिविच यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर पाठवलं आणि न्यायालयातलं पारडं पुरोगाम्यांच्या बाजूला फिरलं. २०२५ मध्ये त्या न्यायालयाने तो कायदा ४-३ ने मोडीत काढला. त्याआधी काही महिने तिथल्याच दुसऱ्या एका जागेसाठी इलॉन मस्क यांनी दोन कोटी डॉलरहून अधिक ओतले होते. त्यांचा उमेदवार पडला, सुझन क्रॉफर्ड आल्या. एका राज्यातल्या न्यायाधीशाच्या खुर्चीसाठी जगातला सर्वांत श्रीमंत माणूस एवढा खर्च करतो, त्या खुर्चीची किंमत आपल्यालाही कळायला हवी.

मला सर्वांत आवडतं ते जॉर्जियाचं उदाहरण. तिथला पाच जणांचा लोकसेवा आयोग विजेचे दर मंजूर करतो. पाचही जण रिपब्लिकन होते, दरवाढ वारंवार होत होती, आणि आयोगावर कोण बसलंय हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अलिशिया जॉन्सन आणि पीटर हबर्ड हे दोन डेमोक्रॅट उभे राहिले, लोकांना त्यांचंच बिल दाखवत प्रचार केला आणि साठ टक्क्यांहून अधिक मतं घेऊन आले. जिथे राष्ट्राध्यक्षाची लढत एकेका मतासाठी घासून होते, त्या राज्यातली ही गोष्ट.

मोठी माणसंही इथूनच येतात. झोहरान ममदानी २०२० मध्ये न्यूयॉर्क विधानसभेची पक्षांतर्गत प्राथमिक फेरी चारशेच्या आसपास मतांनी जिंकले होते, पाच वर्षांत शहराचे महापौर झाले. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी २०१९ मध्ये व्हर्जिनियाच्या सिनेटवर गेल्या, आज त्या राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदाला भिडले आणि पहिल्याच फेरीत हरले. २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेवर गेले, २०२२ मध्ये काँग्रेसवर. त्यांची मतं सगळ्यांना पटतील असं नाही, पण वाट हीच आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळात राष्ट्राध्यक्षावर तासभर वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या विधानसभा सदस्याचं नाव ठाऊक आहे? ग्रीन कार्ड असलेल्यांना या निवडणुकांत बहुतेक ठिकाणी मत नसतं, पण केंद्रीय कायद्यानुसार त्यांना देणगी देता येते. दारोदार फिरून प्रचार तर व्हिसावर असलेला माणूसही करू शकतो, मोबदला न घेता.

आणि हे लवकर करा. टेक्सासच्या आमदाराला वर्षाला ७,२०० डॉलर पगार आणि अधिवेशनाचा भत्ता मिळतो. न्यू हॅम्पशायरच्या आमदाराला वर्षाला १०० डॉलर. एवढ्यावर घर कोणाचं चालतं? म्हणून उभे राहतात ते निवृत्त लोक, जमीनजुमलावाले, स्वतःचा धंदा असलेले. नर्स, शिक्षिका, बसचालक यांना रजा टाकून दारोदार फिरायचं असतं, पत्रकं छापायची असतात, आणि अनेकदा पहिली लढत स्वतःच्याच पक्षातल्या मुरलेल्या माणसाशी असते. त्यांना तुमचे पन्नास डॉलर प्राथमिक फेरीच्या आधी लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवलेला चेक बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तोवर ते उमेदवारच मतपत्रिकेवर नसतात.