‘न्यू फोल्डर (२)’च्या निर्मात्यांस अनावृत पत्र

माननीय माजी संकेतस्थळ-व्यवस्थापक महोदय यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आमच्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ आपण अनेक वर्षे सांभाळलेत आणि जाताना पासवर्ड आठवणीने कागदावर लिहून ठेवलात, त्याबद्दल प्रथम आभार. तो कागद सापडला. बाकी काहीच सापडत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

संस्थेचे बोधचिन्ह, सभासदत्वाचा अर्ज, संस्थापकांचे तैलचित्र, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि कुणाच्या तरी बारशाचे फोटो, या सर्वांना आपण ‘इमेजेस’ या एकाच फोल्डरमध्ये एका पंक्तीला बसवलेत. आपली समदृष्टी थोर आहे. दुसरा फोल्डर एकच, ‘न्यू फोल्डर (२)’. त्यात काय असावे हे त्याच्या नावावरून कुणालाही कळू नये, याची आपण घेतलेली काळजी वाखाणण्याजोगी आहे.

फायलींना नाव देण्याचा मान आपण विनयाने कॅमेऱ्याला दिलात. कॅमेरा डीएससी_०००१ पासून मोजू लागतो आणि ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दुसरा कॅमेराही तेच करतो. त्यामुळे वसंत व्याख्यानमालेचा फोटो आणि बालवाचकांच्या शिबिराचा फोटो एकाच नावाने आले. ‘जुन्या फायलीच्या जागी नवी ठेवू का?’ असे आपल्याला विचारले गेले असणार, आणि आपण नाही म्हणणारे नव्हेत. आज व्याख्यानमालेच्या पानावर मुले चित्रे रंगवत बसलेली दिसतात. त्या व्याख्यानाचा दुसरा फोटो कुणाकडेही नाही.

काही चित्रांचा पत्ता आपण थेट आपल्या संगणकातल्या सी ड्राइव्हचा दिलात. आपल्या घरी ती झकास दिसत असणार! जगात इतरत्र त्या जागी रिकामी चौकट दिसते. फायलीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि पानावरचा उल्लेख लहान अक्षरांत, हाही आपला आवडता प्रकार. विंडोजला त्यात फरक वाटत नाही, पण आपले पान ज्या लिनक्स सर्व्हरवर राहते त्याला वाटतो. एवढे तपासायला दुसऱ्याच्या संगणकावर एकदा संकेतस्थळ उघडून पाहणे पुरले असते.

मातृभाषेवरचे आपले प्रेम तर निस्सीम. काही फायलींना आपण मराठीत नावे दिलीत, तीही मध्ये मोकळ्या जागा सोडून. पत्त्यात शिरताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ‘ग्रंथालय’ या एका शब्दाची होतात बहात्तर. व्हॉट्सॲपवर तो पत्ता मोकळ्या जागांसकट पाठवला की पहिल्या मोकळ्या जागेपाशी तुटतो. फायलीचे नाव साध्या लहान रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ घालून द्यायचे आणि मराठी चित्राच्या वर्णनात लिहायचे, अशी रीत आहे. ते वर्णन मात्र आपण कुठेच घातले नाहीत. आमचे एक दृष्टिहीन सभासद स्क्रीन रीडरने संकेतस्थळ ऐकतात. संस्थापकांच्या चित्रापाशी त्यांना ऐकू येते: डी, एस, सी, अंडरस्कोर, शून्य, शून्य, चार, सात. ज्या संस्थेत त्यांनी ब्रेल पुस्तकांसाठी कपाट मिळवले, तिच्या संस्थापकांची ही ओळख आपण करून दिलीत.

तारखा लिहिण्यातही आपण परंपरा सोडली नाहीत. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. त्यामुळे सगळ्या वर्षांचे महाराष्ट्र दिन एकमेकांशेजारी उभे राहतात आणि एका वर्षाचे कार्यक्रम यादीभर विखुरतात. वर्ष आधी लिहिले की सगळे आपोआप क्रमाने लागते. त्यासाठी वेगळी अक्कल लागत नाही, एक सवय लागते.

आता दिवाळी अंकांबद्दल. इथे मात्र महोदय, माझी सभ्यता अपुरी पडण्याची भीती वाटते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. आपल्या आवाहनाला मान देऊन सभासदांनी घरातले जुने अंक पिशव्यांत भरून आणले. दलाल, मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठे स्कॅन झाली. मग सर्व्हरवर जागा कमी पडू लागली. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरचा सजावटीचा एक फोटो आपण कॅमेऱ्यातून आला तसाच, अजस्र आकारात ठेवला होतात. पडद्यावर तो दोन बोटे रुंद दिसतो, पण उघडताना गावाकडच्या वाचकाचा मोबाइल दमतो. त्याला हात न लावता आपण मुखपृष्ठांच्या मूळ स्कॅन उडवल्यात आणि दीडशे पिक्सेलची ठिपकेवजा चित्रे ठेवलीत. त्यांत चित्रकाराची सही तर सोडाच, अंकाचे वर्षही वाचता येत नाही. ज्यांनी अंक आणले होते त्यांतल्या काहींच्या घरून ते ‘आता संगणकावर आहेत ना’ म्हणून रद्दीत गेले. ही माणसे आपल्यावर विश्वासून होती, महोदय.

निरोप घेण्यापूर्वी आपण एका दुपारी साफसफाईही केलीत. सगळी पाने नव्या फोल्डरांत हलवलीत आणि जुन्या पत्त्यांवर काहीही ठेवले नाहीत. घर बदलणारा माणूससुद्धा जुन्या दारावर चिठ्ठी लावून जातो. इथे ‘३०१’ नावाची सोय होती, जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर नेणारी, एका ओळीची. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी चांगले पत्ते बदलत नसतात हे १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे. एका संशोधक मुलीने प्रबंधाच्या तळटीपांत आमच्या पानांचे पत्ते दिले होते. परीक्षकांना तिथे ‘४०४’, म्हणजे पान सापडत नसल्याचा संदेश, दिसला आणि संदर्भ खरे आहेत का, असे त्यांनी तिला विचारले. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून काही पाने आम्ही परत उतरवून घेतली. मजकूर मिळाला, चित्रे बहुतेक नाहीत.

आता एकच मागणे. स्कॅन ज्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उतरवल्या होत्या, ती आपल्या कपाटात असेल तर कृपा करून पाठवा. बिघडलेली असली तरी चालेल, दुरुस्तीचा आणि टपालाचा खर्च आम्ही देऊ. सोबत ‘इमेजेस’मधल्या जुन्या समूह-छायाचित्रांच्या छापील प्रती पाठवत आहे. त्यांत उभ्या असलेल्यांपैकी जेवढे चेहरे आपल्याला आठवतील तेवढ्यांची नावे मागे पेन्सिलने लिहा. त्यांना ओळखणारी माणसे आता थोडीच उरली आहेत आणि त्यांतले एक आपण आहात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
संकेतस्थळाचा सध्याचा सेवक