ताऱ्यांचा सातबारा

लॉस एंजलिसला गेलं की सिनेनट भेटत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळतं. त्यांचे बंगले उंच कुंपणांमागे, आणि हॉलिवूड बुलेव्हार्डच्या फुटपाथवर असतात ती नुसती नावं, तीही पायाखाली. युनिव्हर्सल स्टुडिओच्या सहलीत यांत्रिक शार्क तेवढा वेळेवर दर्शन देतो. हमखास घरी सापडणारे तारे हवे असतील तर दफनभूमी गाठावी. तिथे सेक्रेटरी नसतो, आधी वेळ घ्यावी लागत नाही आणि साहेब बाहेरगावी गेलेत असं कोणी सांगत नाही. मात्र निघताना माणूस मनाची जी तयारी करून जातो, म्हणजे वैराग्य, जीवनाची क्षणभंगुरता, राव आणि रंक शेवटी एकाच मातीत वगैरे, ती साफ फुकट जाते. हॉलिवूडच्या कबरी मरणाबद्दल फारसं काही सांगत नाहीत. त्या सांगतात जागेबद्दल: कोणाला मिळाली, कितीला मिळाली, शेजार कसा आहे आणि नाकारली कोणाला. मुंबई-पुण्यात घर शोधलेल्या माणसाला हे पुराण दुभाष्याशिवाय समजतं.

वेस्टवुडचंच बघा. विल्शर बुलेव्हार्डवरच्या उंच ऑफिस-इमारतींच्या पाठीमागे ही लहानशी दफनभूमी अशी दडलेली आहे की आपण चुकून कुणाच्या तरी पार्किंगमध्ये घुसलो, असंच वाटावं. आत मेरिलिन मन्रो, नॅटली वुड, डीन मार्टिन, बिली वाइल्डर अशी मंडळी दाटीवाटीने नांदतात. 1962 साली गेलेल्या मन्रोची कबर जमिनीत नाही, भिंतीतल्या अनेक कप्प्यांपैकी एक तिचा. चाहते ओठांना लाली लावून येतात आणि त्या संगमरवराचे मुके घेतात, म्हणून तो आजूबाजूच्या दगडांपेक्षा गुलाबी दिसतो. तिच्या शेजारचा कप्पा ‘प्लेबॉय’च्या ह्यू हेफनर यांनी 1992 साली 75 हजार डॉलर मोजून घेतला आणि 2017 मध्ये प्रत्यक्ष ताबा घेतला. 1953 च्या पहिल्या अंकात त्यांनी मन्रोची छायाचित्रं तिला न विचारता छापली होती. कायमचं शेजारी राहायला जाताना तरी विचारावं, अशी अपेक्षा आता कोण करणार? मन्रोच्या वरच्या मजल्याची कथा तर याहून रंगतदार. 2009 साली एका विधवेने आपल्या राहत्या घराचं कर्ज फेडण्यासाठी नवऱ्याचा कप्पा ईबेवर लिलावात काढला. बोली 46 लाख डॉलरपर्यंत चढली आणि बोली लावणारा ऐनवेळी मागे हटला. जिवंत बायकोचं घर वाचवण्यासाठी मेलेल्या नवऱ्याला जागा खाली करायला सांगायची, ही तोड कुठल्याही बँकेच्या वसुली खात्याला सुचली नसती.

इथून हॉलिवूड फॉरएव्हरला जावं. ही 1899 सालची दफनभूमी, पॅरामाउंट स्टुडिओच्या अगदी पाठीला पाठ लावून. इथले सर्वांत नावाजलेले रहिवासी रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हे मुळात भाडेकरूसुद्धा नव्हते, पाहुणे होते. 1926 साली, वयाच्या 31 व्या वर्षी ते गेले तेव्हा बायकांनी रस्ते भरून टाकले, पण ठेवायला जागा नव्हती. त्यांना पडद्यावर नावारूपाला आणणाऱ्या पटकथालेखिका जून मॅथिस यांनी आपला राखून ठेवलेला कप्पा तात्पुरता वापरायला दिला. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. मालकीणच आल्यावर पाहुण्यांना हलणं भाग होतं, म्हणून त्यांना बाजूच्या, मॅथिसबाईंच्या यजमानांच्या कप्प्यात सरकवलं. भव्य स्मारकाचे बेत झाले आणि विरले. ती तात्पुरती सोय आता शंभरीला टेकली आहे. अर्थात ज्या जागेत ही मंडळी राहतात तिचीही पत कायम नव्हतीच. दफनभूमीचं दिवाळं वाजलं, आणि 1998 साली सुमारे 62 एकरांचा तो सगळा पसारा, आतल्या ताऱ्यांसकट, 3 लाख 75 हजार डॉलरला विकला गेला. भाग देऊन पाहा: हेफनर यांनी एका कप्प्याला जे मोजलं त्याच्या पाचपटीत अख्खी दफनभूमी आली. शेजाराची किंमत म्हणतात ती हीच.

आणि जागा नाकारण्याची गोष्टही याच फाटकाशी घडली. ‘गॉन विथ द विंड’मधल्या भूमिकेसाठी 1940 साली ऑस्कर मिळवणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल या तो सन्मान मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. आपल्याला इथे पुरावं, ही त्यांची इच्छा होती. 1952 साली त्या गेल्या तेव्हा दफनभूमी फक्त गोऱ्यांसाठी होती, म्हणून त्यांना रोझडेलला नेलं. 1999 मध्ये नव्या मालकांनी त्यांच्या नावाची स्मारकशिला इथे उभारली. देह रोझडेललाच आहे. आडनाव ऐकून फ्लॅट नाकारणाऱ्या आपल्याकडच्या सोसायट्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. एवढंच की त्या निदान जिवंत माणसाच्या तोंडावर नाही म्हणतात.

भाविक चाहता इथे संतापेल. आम्ही प्रेमापोटी येतो, तुम्ही चौरस फुटांचा हिशेब काय मांडता? मन्रोचे घटस्फोटित पती, बेसबॉलपटू जो डिमॅजिओ यांनी वीस वर्षं आठवड्यातून तीनदा तिच्या कप्प्यापाशी गुलाब पाठवले. व्हॅलेंटिनोंच्या पुण्यतिथीला काळा पोशाख केलेली एखादी बाई हजर राहते, ही प्रथा जुन्या बायका जाऊन नव्या आल्या तरी चालू आहे. हे सगळं खरं, आणि हृद्यही. पण म्हणून जागेचा मुद्दा खोटा पडत नाही. वीस वर्षं गुलाब पोहोचते करायचे तर फुलवाल्याला पक्का पत्ता लागतो. सिनेमातलं माणूस पडद्यावर कुठेही दिसतं, म्हणजे ते कुठेच सापडत नाही. चाहत्याला ते कुठेतरी एका जागी हवं असतं, आणि ती जागा म्हटली की तिच्यामागून दर, शेजार आणि तक्रारी आल्याच.

दुसरा आक्षेप सभ्यतेचा: मृतांची थट्टा करू नये. त्याला उत्तर मृतांनीच देऊन ठेवलं आहे. जॅक लेमन यांच्या शिळेवर त्यांचं नाव आणि खाली श्रेयनामावलीत असतो तसा ‘यांचा नवा चित्रपट’ अशा थाटाचा एकच शब्द आहे; पुढे चित्रपटाचं नाव असावं तिथे गवत सुरू होतं. विनोदी नट रॉडनी डेंजरफिल्ड यांनी तर आपण आल्यामुळे आता ही वस्ती बिघडली, अशा अर्थाचं वाक्य कोरून घेतलंय. तहहयात सोसायटीच्या सभा गाजवलेल्या माणसाला याहून नेमकं काही लिहिता आलं नसतं.

आपल्याला याचं काय, आपले बहुतेक नट तर चितेवर जातात, असं कोणी म्हणेल. त्याने जुहूचं मुस्लिम कब्रस्तान आठवावं. तिथे मधुबाला, मोहम्मद रफी, साहिर, नौशाद यांना दफन केलं. 2010 मध्ये बातमी आली की नव्या दफनांसाठी जागा हवी म्हणून त्यांच्या बांधीव कबरी काढून टाकल्या. हळहळ स्वाभाविक होती, पण कब्रस्तानाची बाजू लंगडी नव्हती. पक्की कबर बांधू नये असं मानणारे त्या समाजात पुष्कळ आहेत, आणि मुंबईत माणसं मरायची थांबत नाहीत, जमीन मात्र वाढत नाही. एरवी पुनर्विकासात जुन्या रहिवाशाला निदान पर्यायी जागेचं आश्वासन तरी देतात. इथे तेवढंही नव्हतं. प्रेमाला दगड लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुढचंही पाहावं. दगड गेल्यावर रफींचे चाहते जवळच्या नारळाच्या झाडाची खूण धरून जागा ओळखू लागले. पत्ता पुसला तेव्हा त्यांनी लँडमार्क शोधला.

हॉलिवूड फॉरएव्हरने वेगळा मार्ग धरला. तिथे 2002 पासून उन्हाळ्यात रात्री हिरवळीवर सिनेमे दाखवतात. लोक तिकीट काढून येतात, सतरंज्या अंथरतात, खाणंपिणं उघडतात. हे औचित्याला धरून नाही असं म्हणणारेही आहेत, पण दिवाळखोरीत निघालेल्या दफनभूमीत गवतही कोणी कापत नाही, तेव्हा औचित्य ठेवायचं तरी कुठे? पडदा म्हणून वापरतात ती व्हॅलेंटिनो ज्या इमारतीत आहेत तिचीच भिंत. भिंतीवर मात्र बहुतेक रात्री दुसऱ्याच कुणाचा तरी सिनेमा असतो.